टेंबवाडीची एकशे नऊ पोती

नांदगावच्या काजू उत्पादक संस्थेत कुणालाही काहीही जाणून घ्यायचं असलं की उत्तर ठरलेलं असे, "सरलाताईंना विचारा." कुठल्या गावची किती पोती आली, किती बी हलकी निघाली, कुठल्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, हे सगळं कॉम्प्युटरच्या पोटात होतं, पण ते बाहेर काढायची विद्या एकट्या सरला मोंडकरकडे होती.

ती जामसंड्याची. रोज सकाळी देवगडहून सुटणारी एसटी पकडून नांदगावला यायची, संध्याकाळी परत. एकोणीस वर्षांपूर्वी पत्रं टाइप करायला म्हणून लागली. पुढे पावत्या कॉम्प्युटरवर गेल्या. काही अडलं तर घाट उतरून माणूस यायला आठवडा लागायचा. शेवटी सरलानेच एक इंग्रजी पुस्तक मागवलं, शेजारी शब्दकोश ठेवला आणि डेटाबेसला प्रश्न कसा विचारायचा ते शिकून घेतलं. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात, हे संस्थेला तिच्यामुळे कळलं. जमलेल्या क्वेऱ्या ती एका लांब वहीत उतरवून ठेवायची. पहिली क्वेरी चालली त्या दिवशी तिने ऑफिसात सगळ्यांना जत्रेतलं गोड खाजं वाटलं होतं.

पण एकटीवर सगळा भार आला की काय होतं? टेबलावर चिठ्ठ्या साठू लागल्या. विक्री सांभाळणारा विश्वेश सकाळी चिठ्ठी ठेवायचा आणि दर तासाने डोकावायचा. "ताई, पुण्याचा व्यापारी थांबलाय. मोठ्या बीची किती पोती आहेत एवढंच सांगा ना!" एवढंच, एवढंच करत संध्याकाळ व्हायची आणि तोवर व्यापारी दुसरीकडे वळलेला असायचा. मग दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरलं, ज्याचं त्याला स्वतः विचारता येईल आणि ज्याचा त्याला रिपोर्ट काढता येईल असं एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या अध्यक्ष भाईंनी सरलाला बोलावून सांगितलं, "निवड तूच कर गो. तुज्यापेक्षा जास्त हय कोणाक कळता?"

ती हो म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाची स्वस्थता गेली. काम करता करता मध्येच उठायची, खिडकीशी जायची, परत बसायची. आपल्याच हाताने आपली खुर्ची उचलून अंगणात ठेवायला सांगितलंय आपल्याला, असं तिला वाटे. पण कामात खोट ठेवायची तिला सवय नव्हती. तिने चार कंपन्यांची माणसं बोलावली. एकाचं सगळं इंग्रजीत होतं, ते गोदामातल्या कुणाला वाचता येणार नव्हतं. एकाचं इंटरनेट गेलं की बंद पडायचं, आणि नांदगावात वारा सुटला की इंटरनेट जातं. उरली दोन. ऑफिसने त्यांची नावंही ठेवून टाकली, एक रंगीत आणि एक साधं.

रंगीत दिसायला देखणं. बोट लावलं की तक्ते, रांगोळीसारखी वर्तुळं, गावागावाचा नकाशा. साधं म्हणजे नुसते रकाने. डावीकडे गाव, तारीख, वजन अशी नावं. हवं ते उचलून उजवीकडे टाकायचं, अट घालायची, उत्तर घ्यायचं. आलेल्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली की तो कुठल्या पावत्या मिळून झाला, त्याची यादी उघडायची. विश्वेशने पहिल्याच दिवशी कौल दिला होता. "रंगीत घ्या. व्यापाऱ्याला दाखवायला बरं."

सरलाने मात्र परीक्षा ठेवली. तीन हंगामांपूर्वीचं वर्ष निवडलं, कारण त्याचे रिपोर्ट छापून, बांधून कपाटात ठेवलेले होते. उत्तरं पडताळायला सोपी. बारा प्रश्न काढले. आणि उत्तरं शोधायला स्वतः न बसता विश्वेशला आणि गोदाम सांभाळणाऱ्या नम्रताला बसवलं. शेवटी वापरणार ते, मग चुकायचं तर त्यांनीच चुकून बघावं.

सहा प्रश्न दोन्हीकडे बरोबर आले. सातवा होता, टेंबवाडीच्या केंद्रावर त्या हंगामात किती पोती जमा झाली? विश्वेशने रंगीतवर बोट लावलं. चौसष्ट. बांधलेल्या रिपोर्टातही चौसष्ट. नम्रता साध्यावर होती. तिने गावाच्या रकान्यात 'टेंब' एवढीच अक्षरं टाकली, पुढे 'ने सुरू होणारे' अशी अट निवडली, आणि म्हणाली, "एकशे त्र्याहत्तर."

"किती?" सरलाने विचारलं.

"एकशे त्र्याहत्तर, ताई."

विश्वेश खो खो हसला. "झालं! ह्या साध्याला तर मोजताही येत नाही. बाद करा त्याला."

सरलाने सातव्या प्रश्नापुढे, साध्याच्या रकान्यात, फुली मारली. हात मात्र क्षणभर थांबला होता. उरलेले पाच प्रश्न कसे झाले ते तिला नीट आठवलं नाही.

त्या संध्याकाळी एसटीत खिडकीशी जागा मिळूनही ती कडेला सरकून बसली. शिरगाव कधी गेलं, तळेबाजार कधी आलं, कळलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे टेंबवाडीचे दाजी उभे होते.

टेंबवाडी ही फोंडाघाटच्या वर, डोंगराच्या कुशीतली तीसेक घरांची वाडी. पावसाळी भात आणि उतारावर काजू. तिथे संस्थेचं छोटं खरेदी केंद्र होतं, एका पडवीत काटा आणि एक कॉम्प्युटर. संस्थेचा नियम असा की हंगामात शंभराच्या आत पोती आली तर केंद्र बंद. तीन वर्षांपूर्वी रिपोर्टात चौसष्ट आली आणि केंद्र बंद झालं. आठ दिवसांनी वाडीतले दाजी नांदगावला आले. पायात चपला, डोक्याला टॉवेल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्या केलेल्या पावत्या.

"सरलाबाय," ते म्हणाले होते, "आमची काजी इतकी कमी कशी? माज्या एकट्याच्या घरातसून तेरा पोती गेलीहत. जरा परत बगशात?"

तिने परत बघितलं नव्हतं. त्या दिवशी चिठ्ठ्यांचा ढीग होता. तिने छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "दाजीनू, माणूस चुकतलो, पण कॉम्प्युटर चुकणा नाय." दाजींनी कागद उलटा सुलटा पाहिला. वाचता येत होतं त्यांना. मग पिशवीतल्या पावत्या पुन्हा घडी करून, "बरा मगे," एवढं म्हणून ते निघून गेले होते.

पुढचे चार दिवस सरलाने तो आकडा उघडला नाही. उघडायला दोन टिचक्या पुरे होत्या. तिने कपाट लावलं, जुन्या फायलींना नवे दोरे बांधले, प्रिंटर पुसला. दोनदा साध्याच्या पडद्यापर्यंत गेली आणि पाणी प्यायला उठली. विश्वेशने रंगीतची शिफारस टाइप करून आणली होती, फक्त सही हवी होती. ती म्हणाली, "राहू दे टेबलावर. वाचते." घरी भातात मीठ दोनदा पडलं. शेजारणीने हाक मारली ती ऐकूच आली नाही.

चौथ्या दिवशी जामसंड्याच्या शाळेत गणित शिकवणारा तिचा नवरा मंगेश वह्या तपासता तपासता थांबला. "काय झाला गो तुका? चार दिवस बगतंय, एका जाग्यार बसणस नाय."

"काय नाय. ऑफिसातला आसा."

"ऑफिसातला काय?"

"एक आकडो जुळणा नाय."

"मगे उघडून बग. बगूक काय लागता?"

सरला उंबऱ्यात उभी होती. आत जावं की बाहेर, तेही ठरत नव्हतं. "बगला तर दिसतला," ती म्हणाली. "आणि दिसला काय, मगे मी काय करू?"

मंगेशने हातातली वही मिटली. मग तो म्हणाला, "पोरांची वही मी न उघडता मार्क दिले तर तू माका काय म्हणशीत?" ती आत निघून गेली. पण सकाळी नेहमीच्या आधीची एसटी पकडली.

ऑफिस झाडलं जात होतं तेवढ्यात ती पडद्यापुढे बसली. 'टेंब' टाकलं, एकशे त्र्याहत्तर आले. दोन टिचक्या. पावत्यांची यादी उलगडत खाली गेली. चौसष्ट पोत्यांच्या पावत्यांवर गाव होतं 'टेंबवाडी'. उरलेल्या एकशे नऊ पोत्यांच्या पावत्यांवर नुसतं 'टेंब'. त्या हंगामात नेहमीचा काटेवाला महिनाभर आजारी होता आणि बदली आलेल्या माणसाने वाडीतले लोक म्हणतात तसंच नाव टाकलं होतं. त्याचं काय चुकलं? सगळा गाव टेंबच म्हणतो.

मग तिने आपली लांब वही काढली. रिपोर्टाची क्वेरी तिच्याच अक्षरात होती. पावत्यांचा तक्ता तिने मंजूर केंद्रांच्या यादीशी जोडला होता, आणि यादीत ज्या गावाचं नाव नाही ती पावती क्वेरी मुकाट्याने गाळत होती. ओरडत नव्हती, लाल दाखवत नव्हती, एक ओळसुद्धा नाही. 'टेंब' यादीत नव्हतं. म्हणून एकशे नऊ पोती गोदामात आली, भाजली गेली, विकलीही गेली, पण टेंबवाडीच्या नावावर कधी लागलीच नाहीत. आणि रंगीतचं उत्तर रिपोर्टाशी जुळलं, कारण त्या कंपनीच्या माणसांनी ते तिच्याच जुन्या रिपोर्टांवर बेतलं होतं. तिची चूक त्याने प्रामाणिकपणे, सुंदर रंगात दाखवली.

दुपारपर्यंत तिने बाकीची सगळी गावं तपासली. अशा गळलेल्या पावत्या आणखी दोन ठिकाणी सापडल्या, पण तीन-चार पोत्यांच्या. त्यांनी काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते टेंबवाडीचं.

डबा न उघडता ती भाईंच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. भाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 

"आता उकरून काय होतला, सरला?" ते म्हणाले. "तीन वर्सा झाली. क्वेरी सुधार, गप रव. तुजी एकोणीस वर्सा एका ओळीत धुतली जातली."

"भाईनू, त्येंचा केंद्र गेला."

"ता माका कळता गो."

"ते माज्याकडे इल्ले. पावत्यो घेऊन. मी बगलंय नाय."

भाई खिडकीबाहेर बघू लागले. हायवेवरून ट्रक जात होते. "बैठक सोमवारी आसा," ते म्हणाले. "बोलूचा तर तूच बोल. मी अडवणंय नाय."

सोमवारपर्यंत विश्वेशच्या कानावर गेलंच. तो आला आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "ताई, रंगीत घेतलं तर कुणाला कधी कळणारही नाही. आकडे जुळतायत. आणि हे सांगितलंत तर सगळ्यांना आधी तुमचंच नाव दिसेल." तो वाईट माणूस नव्हता, खरंच तिला वाचवायला बघत होता. सरला म्हणाली, "म्हणूनच नको रे. जे माझ्याशी जुळतं ते माझी चूक कधी पकडणार?"

बैठकीत अकरा संचालक होते. सरलाने कागद काढला, पण वाचला नाही. "तीन वर्षांपूर्वी टेंबवाडीचं केंद्र आपण चौसष्ट पोत्यांवर बंद केलं," ती म्हणाली. "पोती एकशे त्र्याहत्तर होती. रिपोर्ट मी केला होता. चूक माझी." आणि कशी झाली ते चार वाक्यांत सांगितलं.  एका संचालकाने विचारलं, "मग बाकीच्या रिपोर्टांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?" सरलाला हाच प्रश्न हवा होता आणि याचीच भीती होती. "माझ्यावर ठेवू नका," ती म्हणाली. "आजवर तुम्ही एकटीवर ठेवलात, तिथेच घोटाळा झाला. साधं घ्या. नम्रताने दोन अक्षरांत जे शोधलं ते मला तीन वर्षांत दिसलं नाही. ज्याला शंका येईल त्याने आकडा उघडावा, खालच्या पावत्या बघाव्यात. आणि काट्यावर गावाचं नाव हाताने टाकायला देऊ नका, यादीतून निवडू द्या."

चर्चा दोन तास चालली. तिला बाहेर बसायला सांगितलं होतं. ती बसली नाही. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या झाल्या ते शिपायाने मोजलं असेल. शेवटी भाई बाहेर आले. साधं घ्यायचं ठरलं होतं. सरलाला लेखी समज मिळणार होती, ती तिच्या फायलीत लागणार होती. टेंबवाडीचं केंद्र एका हंगामापुरतं पुन्हा उघडून बघायचं, पण वाडीला हवं असेल तर. "आणि ता इचारूक," भाई म्हणाले, "तूच जा."

जानेवारीत ती गेली. फोंडाघाटला उतरून, रिक्षा मिळाली तिथपर्यंत रिक्षाने आणि पुढे चढण चालून. मोहोराचा वास सगळ्या उतारावर होता. दाजी खळ्यात गवत रचत होते. तिला ओळखून ते थांबले, पण "ये" म्हणाले नाहीत. ती खळ्याच्या कडेला उभी राहूनच बोलली. सगळं. आपण बघितलं नव्हतं, हेही.

दाजींनी हातातली पेंढी खाली ठेवली. "तेवा सांगलंय तर आयकलंस नाय," ते म्हणाले. "तीन वर्सा आमी पोती घेऊन फोंड्याक उतरतंव. मेच्या पावसात अर्धी काजी भिजली. अर्ध्या वाडीन बाहेरच्या व्यापाऱ्याक शब्द दिल्यान. मीव दिलंय. आता तुमी येतास आणि सांगतास, आकडो चुकलो."

"होय," सरला म्हणाली. 

तेवढ्यात आतून मथुरा बाहेर आली, दाजींची बायको. तिने सगळं ऐकलं होतं. "त्या वर्सा माज्या नावाच्यो पावत्यो येगळ्यो होत्यो," ती म्हणाली. "माज्या आवशीन लावलेल्या झाडांची काजी ती. पाच पोती. ह्येनी घरात येऊन माका सांगल्यानी, तुजी काजी संस्थेत खंयच दिसणा नाय. दिसता काय बगूया?"

सरलाने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पडवीत मांडला. गाव, हंगाम, नाव. मथुरा शेजारी येऊन बसली, पदर सावरत पडद्याकडे बारीक डोळ्यांनी बघू लागली. ओळी उलगडल्या. मथुरा, टेंब, एक पोतं. मथुरा, टेंब, दोन पोती. मथुरा, टेंब, दोन पोती. तिने बोट ठेवून एकेक वाचलं. मग विचारलं, "आणि विमलाची किती?" विमला शेजारच्या घरातली. सरलाने काढली. "आणि वयल्या घरातल्यांची?" तीही काढली. "सगळ्यांत जास्त कोणाची?" सरलाने ते कसं विचारायचं ते दाखवलं, आणि पुढच्या प्रश्नाला मथुराने "सरक, मी करतंय" म्हणून स्वतःच बोट पुढे केलं. पाचव्या प्रश्नापर्यंत पडवीत आणखी चार बायका जमल्या होत्या आणि विमला भांडत होती की आपली पोती सात नव्हे, आठ. पावत्या निघाल्या. आठच होती, दोन तारखांमध्ये विभागलेली; मथुराने मोजताना एक ओळ सोडली होती. विमला जिंकल्यासारखी बसली.

दाजी खळ्यातून हलले नाहीत. जाताना सरला त्यांच्यापाशी थांबली. ते म्हणाले, "मी व्यापाऱ्याक शब्द दिलंय. या वर्सा मोडूचंय नाय. बायको काय करता ता तिचा ती बगीत." मग त्यांनी विचारलं, "च्या घेतलंस काय?" तिने होकारार्थी मान हलवली. "मगे उतरताना संभाळून जा. वाट घसरता."

फोंडाघाटपर्यंत ती भराभर चालत आली. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं वाटलं नाही. उलट, आणखी कुठे कुठे असं काही पडून असेल, या विचाराने पाय आणखी घाईने पडत होते.

मार्चमध्ये केंद्र उघडलं. तीस घरांतली तेराच आली. शंभर पोती होतील की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. नांदगावच्या ऑफिसात चिठ्ठ्या कमी झाल्या; विश्वेश आता व्यापारी फोनवर असतानाच उत्तर काढतो, आणि वर्तुळं नाहीत म्हणून अजून कुरकुरतो. सरलाची खुर्ची जागेवर राहिली, पण ती तिच्यावर फारशी नसते. आठवड्यातले तीन दिवस ती केंद्राकेंद्रांवर फिरते, लोक गावाला काय म्हणतात आणि काटेवाला काय लिहितो ते बघते.

टेंबवाडीच्या पहिल्या दिवशी ती तिथेच होती. मथुरा डोक्यावर पोतं घेऊन आली, ते काट्यावर ठेवलं आणि काटेवाल्याने बटणाला हात लावायच्या आत त्याचा हात धरला.

"वजन मागीर कर," ती म्हणाली. "आदी गावाचा नाव काय घातलंस ता दाखव."

काटेवाल्याने सरलाकडे पाहिलं. ती मथुरेकडे बघत होती. त्याने कॉम्प्युटरचा पडदा मथुरेकडे वळवला.